लोखंडाची पारख

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या लहानपणी नशिराबादच्या बाजारात खुरपे घ्यायला जाणे हे अर्ध्या दिवसाचे काम असे. लोहाराने मांडलेल्या खुरप्यांतले एक वडील उचलत, तळहातावर तोलत, टिचकी मारून त्याचा नाद ऐकत आणि शेवटी ते आईच्या हातात देत. ती मुठीत धरून दोनदा मनगट फिरवी आणि मान हलवी किंवा खाली ठेवी. लोहार म्हणे, "पाटील, तुम्ही पसंत केलं ना?" वडिलांचे उत्तर ठरलेले, "निंदायचं तिला आहे, मला नाही."

ही आठवण निघाली ती पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्यामुळे. ऑफिसातल्या मंडळींबरोबर तो गोल्फ खेळू लागला आणि चार वर्षांत बरा खेळू लागला. हौसेने त्याने लोखंडी काठ्यांचा, म्हणजे ज्यांना गोल्फवाले 'आयर्न' म्हणतात त्यांचा, नवा संच घेतला. दुकानात जाळीसमोर वीस-पंचवीस चेंडू मारले, पडद्यावर आकडे उमटले, त्यातला सर्वांत लांब गेलेला चेंडू विक्रेत्याने बोट ठेवून दाखवला आणि सौदा झाला. दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला, "काका, पगार गेला आणि खेळही बिघडला. माझ्यातच खोट आहे."

मी गोल्फ खेळत नाही. पण खोट कोणाची, माणसाची की हत्याराची, हा प्रश्न इतिहासाला विचारण्यासारखा आहे. म्हणून थोडे वाचले. ते आज सांगतो.

हा खेळ आपल्याकडे परका असला तरी नवा नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा. त्या काळी चेंडू चामड्याचा असे आणि आत पिसे ठासून भरलेली असत. लोखंडाचा चुकीचा घाव बसला की तो फाटे. म्हणून खेळाडूच्या झोळीत बहुतेक काठ्या लाकडी डोक्याच्या आणि लोखंडी एखाद-दुसरी, तीही खड्ड्यातून किंवा गाडीच्या चाकोरीतून चेंडू काढण्यापुरती. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाचा टणक, स्वस्त चेंडू आला आणि लोखंडाला दिवस आले.

ते लोखंड घडवणारे होते स्कॉटलंडचे लोहार. सेंट अँड्र्यूज गावात टॉम स्टुअर्टने १८९३ मध्ये आपली भट्टी सुरू केली. त्याच्या मालावर तंबाखूच्या चिलमीची खूण असे. अशी डोकी हिकरी लाकडाच्या दांड्यांवर बसवली जात. क्लीक, मॅशी, निब्लिक अशी त्यांची नावे. खेळाडू एकेक काठी हातात धरून, हलवून, पसंत करून जमवी. आमच्या बाजारातल्या खुरप्यासारखेच ते होते.

मग कारखाना आला. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये परवानगी मिळाली. लाकडाचा प्रत्येक दांडा वेगळा असतो, पोलादाचा एकासारखा दुसरा काढता येतो. त्यामुळे नावे जाऊन आकडे आले आणि एकेक काठीऐवजी अख्खा संच विकला जाऊ लागला. बॉबी जोन्स हा अमेरिकी विजेता १९३० मध्ये स्पर्धांतून निवृत्त झाला, तेव्हा एका मोठ्या कंपनीने त्याच्याकडून काठ्यांची रचना करून घेतली. यात गैर काही नव्हते. पण एक गोष्ट नकळत रूढ झाली. विजेत्याच्या हातात शोभेल ते हत्यार उत्तम, आणि सामान्य माणसाला ते पेलले नाही तर दोष त्याचा. पातळ, देखण्या, पात्यासारख्या त्या लोखंडाच्या मधोमध चेंडू बसला तर फटका लोण्यासारखा जाई. बोटभर इकडेतिकडे झाले की हाताला झिणझिण्या येत आणि चेंडू झुडपात.

हा समज हलवला तो कार्स्टन सोल्हाइम या माणसाने. जन्म १९११, नॉर्वेतला. वडील जोडे शिवत. कुटुंब अमेरिकेत गेले, पैशाअभावी कार्स्टनचे शिक्षण अर्धवट राहिले आणि त्यानेही काही वर्षे जोडेच शिवले. पुढे तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता झाला. गोल्फ हातात धरला तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे चुकणे काय असते ते त्याला चांगले ठाऊक होते. १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये त्याने चेंडू हळूच ढकलण्याची काठी, म्हणजे पटर, बनवला. चेंडूला लागताच तो 'पिंग' असा वाजे. तेच कंपनीचे नाव झाले.

लोखंडी काठ्यांबाबत त्याने केले ते असे. डोक्याच्या पाठीमागचे मधले लोखंड कोरून काढले आणि ते वजन कडेला नेले. याचे मर्म आपल्याला कावडीवरून कळेल. खांद्यावर नुसता बांबू असेल तर माणूस गर्रकन वळतो. त्याच बांबूच्या दोन टोकांना भरल्या घागरी टांगा, वळायला वेळ लागतो. तसेच वजन कडांना असलेले डोके चेंडू बाजूला लागला तरी हातात पटकन फिरत नाही. फटका चुकतो, पण थोडा. १९६० च्या दशकात त्याने हे प्रयोग केले आणि पुढे असे लोखंड साच्यात ओतून तयार होऊ लागले. १९८२ चा 'आय-टू' हा त्याचा संच जगभर खपला. जाणकारांनी आधी या काठ्यांना बेढब म्हटले होते.

त्याने आणखी एक काम केले, ते मला जास्त भावते. माणसाची उंची, मनगट जमिनीपासून किती वर, यावरून काठीचा जमिनीशी कोन ठरवायचा आणि त्यासाठी रंगीत ठिपके द्यायचे, ही पद्धत त्याने १९७२ मध्ये आणली. कोन चुकला तर फटका नीट मारूनही चेंडू डावी-उजवीकडे जातो. पायाचे माप न घेता जोडा शिवायचा नाही, हे ज्याने तरुणपणी शिकले त्यालाच हे सुचावे.

काठ्यांची परीक्षा घेणारे यंत्रही याच काळात, १९६० च्या दशकात आले. बायरन नेल्सन या खेळाडूच्या फटक्यावर बेतलेले म्हणून त्याला 'आयर्न बायरन' म्हणत. ते हजार वेळा तोच फटका मारी. त्यामुळे काठी कशी आहे ते कळे, पण चौथ्या तासाला दमलेला माझा पुतण्या ती कशी मारेल ते कळत नसे.

आता पुतण्याकडे वळू. त्याचा हँडिकॅप सोळा आहे. ढोबळ अर्थ असा की मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा त्याला सोळाएक फटके जास्त लागतात. दहा ते वीसच्या मधला, म्हणजे ना नवखा ना तरबेज. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हा आकडा शेवटच्या वीस खेळांतले सर्वोत्तम आठ घेऊन काढतात. खेळाडूची कुवत मोजायला ते योग्यच आहे. पण उरलेले बारा खेळही त्यालाच खेळायचे असतात. दुकानातही तेच घडले. चांगले चार चेंडू मोजले, बाकीचे कोणी पाहिलेच नाहीत.

शिवाय आकड्यांचा एक चकवा आहे. काठीवर ७ लिहिलेले असते, पण तिच्या तोंडाचा तिरपेपणा कंपनीगणिक बदलतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरची काठी साधारण ३६ अंशांची असे. आज मध्यम खेळाडूंसाठीच्या अनेक संचांत ती २८ ते ३० अंशांची असते. म्हणजे जुन्या पाच नंबरच्या जवळपास. चेंडू लांब जाणारच. म्हणून तुलना अंशांची करावी, आणि लांब गेलेला चेंडू हिरवळीवर थांबतो की घरंगळतो तेही पाहावे.

तळ कसा आहे हेही बघावे लागते. वखराची पास जमीन पाहून लावतात, हे आपल्या काळ्या मातीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. रुंद तळाची काठी पावसाळ्यातल्या मऊ जमिनीत रुतत नाही, पण उन्हाळ्यात टणक भुईवर आपटून उसळते. दुकानातल्या सतरंजीवर यातले काही कळत नाही.

आणि हत्यारच सर्वस्व आहे असेही नाही. चेंबूरला १९२७ पासून गोल्फ क्लब आहे. तिथे दुसऱ्यांच्या झोळ्या वाहणारे कॅडी आणि जवळच्या वस्तीतली मुले बांधकामाची सळई वाकवून काठी करतात आणि प्लॅस्टिकचा चेंडू गल्लीबोळांतून, भिंतींवरून नेतात. पोलंडचे छायाचित्रकार टोमाश गुद्झोवाती यांच्या छायाचित्रांतून हा खेळ जगाने पाहिला. त्या मुलांना निवड नाही, सळई मिळेल ती. पण ती आपल्या उंचीला, आपल्या मुठीला बेतून वाकवलेली असते. दिल्लीत कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने तर १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकली. दोष आपल्यातच आहे असे मानून पोरे खेळ सोडतात, तेव्हा मला ही माणसे आठवतात.

मी पुतण्याला एवढेच सांगितले. जुनी सात नंबरची काठी सोबत घे. नवीने पंधरा आणि जुनीने पंधरा चेंडू आळीपाळीने मार, जमल्यास गवतावर. एकही चेंडू बाद करू नकोस. सर्वांत वाईट कुठे पडले ते लिही. दुसऱ्या दिवशी, दमून आल्यावर, पुन्हा कर. ज्या काठीच्या चुका कमी दूर जातात ती तुझी, मग ती दिसायला कशीही असो.

परवा त्याचा फोन आला. नवी पात्यासारखी काठी आणि जुनी पाठ कोरलेली काठी, दोन्हींचे चुकलेले फटके त्याने वहीत उतरवले होते आणि ते एकेक करून मला वाचून दाखवले. नव्या संचाला गिऱ्हाईक शोधतोय म्हणाला. यादी लांब होती. पण आवाजात 'माझ्यातच खोट आहे' हा सूर नव्हता.