मधुमेहातील धमनीदाहाचे प्रतिमांकन

धमनीच्या भित्तीत मेदाचे थर साचून रोहिणीविलेपी विकार जडतो. त्या थरांत दाह कितपत चालू आहे, हे शस्त्रक्रियेविना दाखवणाऱ्या तंत्रांना धमनीदाहाचे प्रतिमांकन म्हणतात. मधुमेहींना हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. अँजिओग्राफीत रक्तवाहिनी किती अरुंद झाली ते कळते. पण फारसा अडथळा न करणारा थरही दाहामुळे फुटून रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून दाह पाहण्याला महत्त्व आले.

तत्त्व : सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत पेट-सीटी स्कॅनची. तीत फ्लोरीन-१८ हे किरणोत्सर्गी समस्थानिक जोडलेली साखर (एफडीजी) शिरेतून देतात. दाहाच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज पेशी साखर झपाट्याने ओढून घेतात. पेशीत शिरलेल्या एफडीजीवर हेक्सोकायनेज विकर फॉस्फेट चढवते. पुढे तिचे पचन होत नाही आणि ती आतच अडकून पडते. फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. धमनीभित्तीतील किरणोत्साराला शिरेतील रक्ताच्या किरणोत्साराने भागून दाहाचे गुणोत्तर काढतात. २००२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मानेतील धमनी अरुंद झालेल्या ८ रुग्णांवर ही पद्धत वापरली. लक्षणे निर्माण करणाऱ्या बाजूच्या थरात एफडीजी अधिक साठलेली आढळली. त्याच वर्षी मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले आणि एफडीजी देशातच तयार होऊ लागली.

मधुमेहातील अडचण : ही तपासणी साखरेवरच बेतलेली असल्याने मधुमेहींमध्येच ती सर्वाधिक फसू शकते. रक्तातील साखर वाढलेली असेल तर ती पेशीत शिरण्यासाठी एफडीजीशी स्पर्धा करते आणि दाह असूनही चित्र फिके येते. साखर उतरवण्यासाठी ऐनवेळी इन्सुलिन टोचले, तर एफडीजी स्नायूंकडे वळते. मेटफॉर्मिनमुळे आतड्यात एफडीजी साठते व पोटातील महाधमनीचे मापन बिघडू शकते. त्यामुळे युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये उपाशीपोटी तपासणी, रक्तशर्करा शक्यतो १२६ मिग्रॅ./डेसिलिटरच्या आसपास किंवा खाली आणि एफडीजी दिल्यावर सुमारे दोन तासांनी चित्रण, अशा शिफारशी केल्या.

इतर पद्धती : हृदयाचे स्नायूही साखर घेतात, त्यामुळे हृद्‌धमन्यांतील दाह एफडीजीने नीट दिसत नाही. तेथे गॅलियम-६८ युक्त डोटाटेट हे मॅक्रोफेजवरील ग्राहींना चिकटणारे द्रव्य उपयोगी ठरते. सोडियम फ्लोराइड मात्र दाहाऐवजी सूक्ष्म कॅल्शियमसंचय दाखवते. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत साध्या सीटी अँजिओग्राफीत हृद्‌धमनीभोवतीच्या चरबीची घनता मोजतात. दाहामुळे त्या चरबीतील मेद घटून पाण्याचा अंश वाढतो.

उपयोग व मर्यादा : औषधांचा परिणाम जोखण्यासाठी या तंत्रांचा चांगला उपयोग झाला आहे. जपानमधील एका अभ्यासात पायोग्लिटाझोनने थरांतील दाह ग्लिमेपिराइडपेक्षा अधिक घटल्याचे पेट चित्रणात दिसले. मात्र पेटची विभेदनक्षमता ४-५ मिमी. आणि धमनीची भित्ती साधारणतः १ मिमी.च्या आसपास, त्यामुळे मापन अंदाजेच राहते. त्यात खर्च व किरणोत्साराची भर पडते. म्हणून मधुमेहींच्या नेहमीच्या तपासण्यांत एफडीजी-पेटचा समावेश नाही. धमन्यांच्या रक्षणासाठी रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग हेच उपाय मुख्य मानले जातात.