भ्रूण गोठवण : मंद पद्धत आणि काचीकरण

भ्रूण गोठवण : वंध्यत्वावरील उपचारांत प्रयोगशाळेत तयार झालेले भ्रूण पुढील वापरासाठी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६° से. तापमानाला जपून ठेवण्याची क्रिया. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही बोलताना ‘एम्ब्रियो फ्रीज करणे’ असेच म्हणतात. आयव्हीएफच्या एका फेरीत अनेकदा चार-सहा भ्रूण तयार होतात आणि गर्भाशयात त्यांतला एखादा, फार तर दोन सोडले जातात. उरलेले टाकून न देता ठेवायचे, हा गोठवणीचा मूळ हेतू. आता त्यात आणखी कारणांची भर पडली आहे. इंजेक्शनांमुळे अंडाशय अतिउत्तेजित झाले असतील, कर्करोगाचे उपचार सुरू व्हायचे असतील किंवा भ्रूणाच्या जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा असेल, तर सगळेच भ्रूण गोठवून रोपण पुढच्या महिन्यांवर टाकतात.

गोठवणीच्या मंद गोठवण आणि काचीकरण (व्हिट्रिफिकेशन) अशा दोन पद्धती आहेत. दोन्हींत भ्रूण शेवटी एकाच तापमानाला, एकाच तऱ्हेच्या टाकीत राहतो. फरक आहे तो तिथवर जाण्याच्या आणि तिथून परतण्याच्या वाटेत. उणे १३०° से.च्या खाली पेशीतील रेणूंची हालचाल जवळपास थांबते, त्यामुळे भ्रूण तिथे दोन महिने राहिला काय आणि वीस वर्षे राहिला काय, फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्याआधी. पेशीत बहुतांश पाणी असते. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली तडकते, तसे या पाण्याचे बर्फ झाले तर पेशीची आतली रचना मोडते. शिवाय पाणी बर्फात अडकले की उरलेल्या द्रवातील क्षार दाट होतात आणि तेही पेशीला मारक ठरतात. हे टाळण्यासाठी दोन्ही पद्धतींत शीतसंरक्षक द्रव्ये वापरतात. ग्लिसरॉल हे त्यांतले सर्वांत जुने. १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ते वापरून कोंबड्याचे शुक्राणू गोठवले होते.

मंद पद्धत बर्फ होऊ देते, पण पेशीच्या बाहेर. भ्रूण प्रोपेनडायॉल आणि सुक्रोजच्या सौम्य द्रावणात ठेवून बारीक नळीत भरतात आणि ती नळी संगणक-नियंत्रित यंत्रात ठेवतात. तापमान उणे ७° से.च्या आसपास आले की एम्ब्रियोलॉजिस्ट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा नळीला, भ्रूणापासून दूर, क्षणभर टेकवतो. तिथे पांढरा ठिपका उमटतो आणि बर्फ नळीभर पसरते. एवढी एकच गोष्ट हाताची, बाकी सगळे यंत्राचे. बाहेरचे पाणी गोठत जाते तसे बाहेरचे द्रावण दाट होते आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. त्याला वेळ मिळावा म्हणून तापमान मिनिटाला ०.३ अंश इतक्या संथपणे उणे ३०° से.च्या आसपास आणतात, मग नळी द्रव नायट्रोजनमध्ये. या सगळ्याला दोन-एक तास लागतात.

काचीकरणात बर्फ कुठेच होऊ द्यायचे नसते, ना आत ना बाहेर. शीतसंरक्षक इतके दाट आणि थंड करण्याचा वेग इतका प्रचंड ठेवतात की पाण्याला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही आणि द्रव काचेसारखा घट्ट होतो. प्रचलित कृतीत भ्रूण प्रथम इथिलीन ग्लायकॉल व डीएमएसओ (प्रत्येकी ७.५ टक्के) असलेल्या द्रावणात ठेवतात. तिथे तो आधी आक्रसतो आणि काही मिनिटांत पुन्हा फुगतो. मग दुप्पट दाट, सुक्रोज घातलेल्या द्रावणात मिनिट-दीड मिनिटच, कारण इतकी दाट द्रव्ये विषारीही असतात. तेवढ्या वेळात भ्रूण बारीक नळीने उचलायचा, पातळ पट्टीच्या टोकावर ठेवायचा, भोवतालचा जादा द्रव ओढून घ्यायचा आणि पट्टी नायट्रोजनमध्ये बुडवायची. द्रव जास्त राहिला तर वेग पडतो, हात रेंगाळला तर विषबाधा होते. महागडे यंत्र लागत नाही म्हणून ही पद्धत स्वस्त म्हटली जाते, पण यंत्रावरचा भार इथे माणसाच्या हातावर आला आहे. नवख्या आणि मुरलेल्या हाताच्या निकालात म्हणूनच मोठी तफावत पडू शकते.

इतिहास : १९७२ मध्ये व्हिटिंगहॅम, लाइबो आणि मझूर यांनी गोठवलेल्या भ्रूणांपासून जिवंत उंदीर जन्माला घातले. पुढच्याच वर्षी अशा भ्रूणातून वासरू जन्मले. ते घडवणाऱ्यांत डॉली मेंढीमुळे पुढे गाजलेले इयन विल्मट होते. माणसात ट्राउन्सन आणि मोर यांनी १९८३ मध्ये मेलबर्नमधून पहिली गर्भधारणा नोंदवली. ती पूर्णत्वास गेली नाही, मात्र १९८४ मध्ये तिथेच मूल जन्मले. जगभरच्या ग्रंथांत हाच क्रम असतो. पण त्याआधीच कोलकात्याचे सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली मुलगी डीएमएसओमध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून झाल्याचे सांगितले होते. सरकारी समितीने दावा फेटाळला आणि १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांनी आत्महत्या केली. मुंबईतील प्रजनन संशोधन संस्थेचे प्रमुख राहिलेले टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची कागदपत्रे तपासून १९९७ मध्ये श्रेय त्यांना द्यावे असे लिहिले. १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात इंदिरा हिंदुजा यांच्यासोबत केलेल्या कामामुळे भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान ज्यांच्याकडे होता, त्यांनीच हे लिहावे ही साधी गोष्ट नव्हे.

काचीकरणाची वाट रॉल आणि फाही यांनी १९८५ मध्ये उंदरांच्या भ्रूणांवर दाखवली. मात्र अतिसूक्ष्म थेंब वापरणारी साधने, विशेषतः मासाशिगे कुवायामा यांची क्रायोटॉप पट्टी, येईपर्यंत ती दवाखान्यांत रुळली नाही.

तुलना : गरम केल्यावर भ्रूण जिवंत राहण्याचे प्रमाण काचीकरणात स्पष्टपणे जास्त आहे. चांगल्या प्रयोगशाळांत ते नव्वद टक्क्यांच्या वर असते. तरी जाहिरातींतील तुलना जपून वाचावी. मंद पद्धतीचे बरेचसे आकडे ज्या काळचे आहेत, तेव्हा उत्तम भ्रूण ताजेच वापरून उरलेले गोठवत आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे. आजचे आकडे बहुधा पाचव्या दिवशीच्या निवडक ब्लास्टोसिस्टचे (आत पाण्याची पोकळी तयार झालेल्या भ्रूणांचे) असतात. भ्रूण टिकणे आणि मूल होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल होण्यात स्त्रीबीज मिळवताना असलेल्या वयाचा वाटा मोठा. ब्लास्टोसिस्टच्या पोकळीतील पाणी ही दोन्ही पद्धतींची अडचण, म्हणून अनेक ठिकाणी गोठवण्याआधी लेसरने छिद्र पाडून ती पोकळी रिकामी करतात. स्त्रीबीजांबाबत मात्र वाद उरलेला नाही. त्यांची गोठवण काचीकरणानेच व्यवहार्य झाली.

बर्फ थंड करताना होते तसे गरम करतानाही होते, किंबहुना गरम करताना अधिक. मझूर आणि सेकी यांनी उंदरांच्या स्त्रीबीजांवर दाखवले की थंड करण्याच्या वेगापेक्षा गरम करण्याचा वेग निर्णायक असतो. म्हणून काचीकृत भ्रूणाची पट्टी नायट्रोजनमधून काढून थेट ३७° से.च्या सुक्रोज द्रावणात बुडवतात.

उघड्या पट्टीत भ्रूणाचा नायट्रोजनशी थेट संबंध येतो. १९९० च्या दशकात अस्थिमज्जेच्या साठवण टाकीतून हेपॅटायटिस बी पसरल्याचे आढळले होते. भ्रूणांबाबत ही भीती बरीचशी तात्त्विक असली, तरी तिच्यापायी बंद साधने आली. बंद नळीत वेग थोडा कमी पडतो.

भारतात सहायक जनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. मुदत संपल्यावर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यायचा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून, दर दहा वर्षांनी संमती नव्याने देत, ५५ वर्षांपर्यंत मुभा आहे. तेव्हा दहाचा आकडा कायद्याने घातलेला आहे, जीवशास्त्राने नव्हे. २०२२ मध्येच अमेरिकेत जुळी मुले जन्मली, त्यांचे भ्रूण १९९२ मध्ये, म्हणजे मंद पद्धतीच्या काळात गोठवलेले होते.