पासपोर्टची मुदत आणि वडगावचा तह

सध्या आमच्या घरात क्रूझचे वारे आहे. भाऊ, वहिनी, दोन्ही भाचे, त्यांच्या बायका-मुले अशी सगळी मिळून सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाने मलेशिया, थायलंड करून यायचे ठरते आहे. मला धरून दहा माणसे होतात! तेव्हा थोरल्या भाच्याने विचारले, "आत्या, चिरंजीवांच्या पासपोर्टची अजून चार महिने मुदत आहे. आपण पाच दिवसांत परत येणार. तरी कंपनीवाले म्हणतात सहा महिने शिल्लक पाहिजेत. मग त्यावर छापलेल्या तारखेला अर्थ काय? तू इतिहासाची बाई, तूच सांग."

व्यवहाराचे उत्तर लहान आहे. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा बऱ्याच देशांना, तुम्ही त्यांच्या दारात उभे राहता त्या दिवशी पासपोर्टवर निदान सहा महिने शिल्लक हवे असतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशोब वेगळा आहे. तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने उरले पाहिजेत आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे. क्रूझला तर बंदरे अनेक, म्हणजे नियमही अनेक, आणि त्यातला सर्वात कडक नियम सगळ्या प्रवाशांना लागू असे समजून चालावे. पाहुणा आजारी पडला, जहाज चुकले, कुठे संप झाला आणि तेवढ्यात त्याचा कागद संपला, तर त्याला परत पाठवायचे कसे, ही त्या देशाची चिंता. त्यातही घरात हटकून अडकतो तो मुलांचा पासपोर्ट. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहानांचा पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यातले जे आधी येईल तेवढा. आईबापांच्या तारखा बघून सगळे निश्चिंत असतात आणि मुलाची तारीख कुणी बघतच नाही. असो. चिरंजीवांचा अर्ज परवाच भरला.

पण भाच्याचा मूळ प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. एकाने मुदत लिहून द्यायची आणि दुसऱ्याने ती मानायची की नाही ते ठरवायचे, हा प्रकार आला कुठून?

पासपोर्टचे पहिले पान कधी नीट वाचले आहे का? भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने तिथे संबंधितांना विनंती केलेली असते की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावे आणि गरज पडल्यास साहाय्य करावे. म्हणजे बाहेरच्यांसाठी ते एक विनंतीपत्रच. आणि शेवटी सूचना असते की ही वही भारत सरकारची मालमत्ता आहे. आपण फी भरतो, रांगेत उभे राहतो, पण वही सरकारची आणि तिला मान द्यायचा तो परक्या देशाने. आपल्या हातात आहे ती फक्त जपून ठेवण्याची जबाबदारी!

कागद जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो प्रवासाची मुद्रा देई. मुद्रेशिवाय जाणाऱ्याला बारा पण दंड, खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून जास्त आणि तो परमुलखातला असेल तर सर्वात मोठा दंड. परक्याकडे अधिक संशयाने बघायची रीत तेव्हापासूनची.

आमच्या मराठी कागदांत दस्तक, परवाना, राहदारी हे शब्द जागोजाग भेटतात. पण समुद्रावरच्या परवान्याचा खरा जाच सुरू केला तो पोर्तुगीजांनी. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'कार्ताझ' काढला. अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर त्यांच्याकडून हा कागद घ्यायचा. त्यावर जहाज केवढे, नाखवा कोण, हत्यारे किती, कुठून कुठे जाणार, सगळे लिहिलेले. कागद नसेल तर जहाज जप्त. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, पण तोफा त्यांच्या होत्या. (पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक घेतल्याशिवाय कोकणकिनाऱ्याने जहाज जाऊ देणार नाही म्हटले, तेव्हा याच युरोपीय मंडळींनी त्यांना चाचा म्हणायला कमी केले नाही!)

या कार्ताझपायी एक मोठी कौटुंबिक समुद्रयात्रा खोळंबली होती. गुलबदन बेगम ही बाबराची मुलगी, अकबराची आत्या. तिने पुढे हुमायूननामा लिहिला. १५७५ मध्ये पन्नाशी उलटलेली ही बाई राजघराण्यातल्या इतर स्त्रियांना घेऊन फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. बादशहाची आत्या, बरोबर बादशहाच्या बेगमा, खर्चाला तोटा नाही, पण सुरतेला येऊन सगळ्या अडकल्या. पोर्तुगीजांचा परवाना मिळून जहाज सुटेपर्यंत जवळजवळ वर्ष गेले. हिंदुस्थानच्या बादशहाला आपल्या बायकामाणसांसाठी फिरंग्यांचा कागद घ्यावा लागला. त्यात त्या परवान्यावर मरियम आणि येशू यांची चित्रे असत. असला कागद घेऊन हजला जाणे धर्माला मान्य आहे का, यावर त्या काळच्या मुल्लांत वादही झाला. बदायुनीने तो नोंदवून ठेवला आहे. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटले आणि तिथे बरेच महिने काढावे लागले. मंडळी परतली ती १५८२ मध्ये. सहा महिने शिल्लक का ठेवायचे, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

आणि कागद असला म्हणजे झाले, असेही नव्हते. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे प्रचंड जहाज पोर्तुगीजांनी पकडून नेले. तिच्याकडे त्यांचाच कार्ताझ होता!

आता आमच्या मावळात येते. तीसेक वर्षे इथल्या शाळेत मुलांना वडगावचा तह शिकवला, पण तो वाटेचा परवाना म्हणून वाचावा हे भाच्याच्या प्रश्नानंतर सुचले. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. माणसे चार हजारांच्या आत आणि सामान ओढायला बैल एकोणीस हजार! मराठ्यांनी समोरासमोर लढाई न देता दाणावैरण जाळत त्यांना आत येऊ दिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. आमच्याकडे तो इष्टूर फाकडा. शत्रूला 'फाकडा' म्हणणारी माणसे आपली, याचे मला अजून कौतुक वाटते. तळेगावला पोचेपर्यंत इंग्रजांचे अवसान गळाले. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ते माघारी फिरले आणि वडगावात पुरते वेढले गेले.

१६ जानेवारीला तह झाला. साष्टी, ठाणे आणि १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, बंगालहून येणारी फौज थांबवायची. बदल्यात इंग्रजी फौजेला घाट उतरून मुंबईला सुखरूप जाऊ द्यायचे. म्हणजे महादजी शिंद्यांनी दिलेला तो एका फौजेचा एका खेपेचा पासपोर्टच की. हमी म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट (हा दुसरा, फाकडा नव्हे) हे दोघे ओलीस राहिले. मराठ्यांनी शब्द पाळला, फौज मुंबईला पोचली. आणि पोचताच मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने, आमच्या लोकांना असा तह करायचा अधिकारच नव्हता म्हणून तह झिडकारला. कलकत्त्याहून हेस्टिंग्जनेही तेच केले. वाटेचा परवाना वापरून झाला आणि त्याची किंमत मात्र दिली नाही. वर्गात मुले दरवर्षी विचारायची, मग महादजींनी त्यांना सोडले कशाला? यावर मी ओलिसांचे नाव सांगून वेळ मारून नेत नसे. सरळ सांगे, की दिलेला शब्द राजाचा असतो तेव्हा तो पाळायचा असतो, पण समोरचा कंपनी आहे हे आपल्याकडे उशिरा उमगले.

राघोबादादांचीही एक गंमत आहे. तहानंतर ते शिंद्यांच्या हवाली झाले आणि मग निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. १७८१ च्या सुमारास त्यांनी आपले वकील थेट विलायतेला पाठवले, हणमंतराव नावाचे ब्राह्मण आणि एक पारशी गृहस्थ. तिथे एडमंड बर्कने त्यांची बडदास्त ठेवली, सोवळ्याचा स्वयंपाक करता यावा म्हणून आपले झाडांचे काचघर मोकळे करून दिले. ब्राह्मणाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले. तिकडे जायला अडचण नाही, घरी परतायला मात्र परवाना लागला!

एकोणिसाव्या शतकभर हेच चित्र दिसते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी 'सिटी ऑफ कलकत्ता' जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, बरोबर नवरा नाही. त्यांना पासपोर्टची सक्ती नव्हती. परवानगी हवी होती ती समाजाची, आणि ती मिळवण्यासाठी त्यांनी निघण्याआधी श्रीरामपूरला जाहीर भाषण केले होते. सरकारने अडवले नाही, शेजाऱ्यांनी अडवले.

सरकारने दार लावून घेतले ते पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये भारतरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले आणि हिंदुस्थानातून समुद्रमार्गे बाहेर जायला पासपोर्ट लागू लागला. त्याची झळ कोणाला बसली? लोकमान्यांना. १९१८ च्या वसंतात होमरूलचे शिष्टमंडळ विलायतेला निघाले. टिळक, दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल. पासपोर्ट मिळाले होते, कागदात काही खोट नव्हती. मंडळी मद्रासमार्गे कोलंबोला पोचली आणि तिथे कळले की लंडनच्या युद्धमंडळाने पासपोर्ट रद्द केले आहेत. मुकाट्याने परत फिरावे लागले. विचार करा, मंडालेची सहा वर्षे भोगून आलेला, साठी उलटलेला माणूस. त्याला पकडले नाही, खटला भरला नाही, फक्त हातातला कागद निकामी केला. सप्टेंबरात पुन्हा पासपोर्ट मिळाला, तो चिरोलवरच्या खटल्यासाठी, आणि राजकारणात भाग घेणार नाही अशा अटीवर. २४ सप्टेंबरला ते मुंबईहून निघाले. युद्ध संपल्यावर ती अट सैल झाली. खटला ते १९१९ च्या फेब्रुवारीत हरले, पण पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देऊन आले.

युद्ध संपले तरी युद्धाचा नियम गेला नाही. नियमांचे असेच असते. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून सगळ्या देशांसाठी बत्तीस पानांच्या एकसारख्या वहीचा नमुना सुचवला. त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा झाला, तो थेट २०२५ पर्यंत टिकला.

स्वातंत्र्यानंतर तरी काय, पासपोर्ट देणे न देणे बरीच वर्षे सरकारच्या मर्जीवर होते, त्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. सतवंतसिंग साहनी नावाचे व्यापारी कोर्टात गेले आणि एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मग घाईने वटहुकूम, आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न देता मागून घेतला, त्यावर जानेवारी १९७८ चा निकाल आला, की नुसता कायदा असून भागत नाही, पद्धत न्याय्यही हवी. लोकमान्यांच्या वेळी असे कोर्ट असते तर! पण हे सगळे झाले आपल्या सरकारपुरते. समोरच्या देशाला आपले सर्वोच्च न्यायालय काय सांगणार? तिथे अजून ती विनंतीच. (आणि आपल्याच लक्षद्वीपला जायलाही आपल्याला परवाना लागतो, १९६७ च्याच नियमांनी. हे क्रूझवाल्यांनी लक्षात ठेवावे.)

छापील मुदत बाहेरून कशी कापली जाते हे आमच्या पिढीने २०१५ मध्ये पाहिले. नव्वदच्या दशकात काही पासपोर्ट वीस वर्षांच्या मुदतीचे निघाले होते, हाताने लिहिलेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले की २४ नोव्हेंबर २०१५ नंतर यंत्राला वाचता न येणारे पासपोर्ट चालणार नाहीत. मग आत २०१६ लिहिलेले असो की २०१७. माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे तशी एक वही अजून ट्रंकेत आहे. त्यातली दोन वर्षे न वापरताच गेली. कारकुनाने निळ्या शाईने नाव, गाव, जन्मतारीख लिहिली आहे, आणि अक्षर इतके वळणदार की मी ते वर्गात फळ्याशेजारी लावले असते.