भूमिपरीक्षेंतील खातपूरण

घर बांधण्यापूर्वीं भूमीचें बळ कसें अजमावावें, याविषयीं आपल्या ग्रंथांत जे विधि आढळतात, त्यांत खातपूरण विशेष विचारार्ह आहे. आश्वलायन गृह्यसूत्राच्या दुसऱ्या अध्यायांत गुडघाभर खड्डा खणून तो त्याच मातीनें पुन्हां भरावा असें सांगितलें आहे. माती उरल्यास भूमि प्रशस्त, बरोबर पुरल्यास मध्यम, उणी पडल्यास निंद्य. तसेंच सूर्यास्तानंतर खड्डा पाण्यानें भरून ठेवावा. सकाळीं पाणी असल्यास उत्तम, नुसती ओल असल्यास मध्यम, कोरडा पडल्यास वर्ज्य. इ. स. च्या ६ व्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत हेंच परीक्षण हस्तमात्र खड्ड्याचें दिलें आणि पाण्याची परीक्षा शंभर पावलें जाऊन परत येण्याइतक्या वेळाची केली. मत्स्यपुराणांत माप अरत्नीचें आहे.

हा विधि केवळ शकुन म्हणून बाजूस सारणें योग्य नव्हे. घट्ट बसलेली माती खणली असतां मोकळी होऊन फुगते, म्हणून उरते. पोकळ भरावाची माती हातानें दाबतांच पूर्वीपेक्षां कमी जागा व्यापते. आजचे स्थापत्यविशारद खड्ड्यांतून निघालेली माती तोलतात, त्याच खड्ड्यांत मोजलेली वाळू ओतून आकारमान काढतात व घनता ठरवितात. तत्त्व एकच, भेद मोजमापाचा.

तथापि यावरून प्राचीनांस पायाची भारक्षमता गणितानें ठाऊक होती असें म्हणणें साधार नाहीं. कार्ल टेर्झागीनें १९४३ सालीं मांडलेल्या उथळ पायाच्या सूत्रांत मातीची चिकटण, कणांचें घर्षण, पायाची रुंदी व खोली यांचा हिशेब आहे. खातपूरणानें यांपैकीं एकाचेंहि मान मिळत नाहीं. दख्खनच्या काळ्या जमिनींत हा उणेपणा उघड होतो. उन्हाळ्यांत ती दगडासारखी कठीण असल्यानें ढेकळें उरतात. भिजून फुगल्यावर तींत पाणीहि टिकतें. म्हणजे दोन्ही परीक्षांनीं ती प्रशस्त ठरावी. परंतु ओल लागतांच तिचें बळ घटतें आणि ऋतुपरत्वें फुगून-आटून ती भिंतींस तडे पाडते.

एक पाठविषयक प्रश्न उरतो. भरतांना माती धुमसावी कीं नाहीं, हें सूत्रांत सांगितलेलें नाहीं. निकाल मात्र त्यावरच फिरतो. सैल भरली तर बहुतेक प्रत्येक जमीन प्रशस्तच ठरेल. ज्यांच्या संग्रहीं वास्तुविषयक पोथ्या असतील, त्यांनीं या स्थळींचे पाठ व समासांतील टिपा अवश्य पडताळून पाहाव्या.