तारेपासून पारदर्शक साच्यापर्यंत: दात सरळ करण्याआधी काय विचारायचं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचे दात पुढे आहेत. पाहुणे पाहून जातात, पण निरोप येत नाही. मोबाइलवर जाहिरात पाहिली, तार न लावता दात सरळ होतात म्हणे." रक्कम मोठी होती आणि फेड सोयाबीनच्या पैशातून व्हायची होती. आम्ही नाही म्हटलं नाही, पण लगेच होही म्हटलं नाही. हा उपचार आला कुठून, ते आधी समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

चांगले दात कशाला म्हणायचं, हे काळाप्रमाणे बदलत आलं आहे. आपल्या पणज्यांच्या काळी बायका दातवण लावून दात काळे करत आणि तेच शोभेचं मानत. आता पांढरे, एका ओळीतले दात हवेत. म्हणून पहिला प्रश्न घरातच विचारायचा: हे मुलीला स्वतःला हवं आहे का?

दात सरळ करायची खटपट जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी 1728 साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला. धातूची पट्टी दोऱ्यानं बांधून दात ओळीत आणायची रीत त्यात आहे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये वाकड्या दातांचे प्रकार ठरवून दिले आणि 1900 मध्ये या विद्येची वेगळी शाळा काढली. तारेचा उपचार त्यातून वाढला.

आपल्या देशात डॉ. आर. अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. 1948 च्या दंतवैद्य कायद्यानं डॉक्टरांची नोंदणी आली. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 चं.

दात सरकतो तो हाडातून, हे लक्षात ठेवा. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. म्हणून हे काम सावकाश चालतं. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात किडलेले असतील, तर आधी ते बरं करावं लागतं.

आता पारदर्शक साच्याकडे येऊ. यालाच क्लिअर अलाइनर म्हणतात. 1945 मध्ये केसलिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी रबराचा साचा वापरून दात थोडे हलवले. असे साचे एकामागून एक घातले तर दात जास्त सरकवता येतील, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं. संगणक आल्यावर ते जमलं. 1997 मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली. दोघंही दातांचे डॉक्टर नव्हते. 1998 मध्ये त्यांच्या साच्यांना अमेरिकी सरकारची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी 1 जुलैला आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे हा उपचार आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा आहे.

पुढे 2014 मध्ये अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी निघाली. घरीच दातांचा ठसा घ्यायचा, तो पाठवायचा आणि साचे टपालानं यायचे. डॉक्टरसमोर तोंड उघडायची गरजच नाही. डिसेंबर 2023 मध्ये ती कंपनी बंद पडली. हजारो लोकांचे दात अर्धवट सरकलेले राहिले. हप्ते मात्र भरत राहा, असं त्यांना सांगण्यात आलं. इतिहासातला आपल्या कामाचा धडा हाच: साचा कुठूनही येवो, तोंड पाहणारा डॉक्टर समोर हवा.

आता वही-पेन घ्या आणि हे प्रश्न उतरवून ठेवा.

एक: डॉक्टर साहेब, तुमची नोंदणी आहे का? दात सरळ करण्याचं एम.डी.एस. शिक्षण तुम्ही घेतलंय की दुसरं कुणी पाहणार?

दोन: सुरू करण्याआधी एक्स-रे काढणार का? हिरड्या तपासणार का?

तीन: आमच्या मुलीला साचा चालेल की तारच बरी? थोडे वाकडे दात साच्यानं सरळ होतात. जबड्यातच फरक असेल, तर नुसता साचा पुरत नाही.

चार: दात काढावे लागतील का? मधून घासावे लागतील का? दातांवर छोटे उंचवटे चिकटवणार का?

पाच: एकूण खर्च किती? साचा हरवला, जास्तीचे साचे लागले, किंवा दात जागेवर राहावेत म्हणून शेवटी रिटेनर द्यावा लागला, तर ते पैसे यातच धरलेत का? हे सगळं लिहून मागा.

सहा: किती वेळा यावं लागेल? रिसोडहून किंवा मानोऱ्याहून दर खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे.

सात: उपचार मध्येच थांबला, दवाखाना बंद झाला, तर जबाबदार कोण? पैसे परत मिळतील का?

साचा दिवसाचे 20 ते 22 तास घालावा लागतो. जेवताना काढायचा, चहा पितानाही काढायचा, कारण गरम चहानं तो वाकतो. सोंगणीच्या दिवसांत शेतात चारदा चहा होतो. तेवढ्या वेळा काढणं, चूळ भरणं, पुन्हा घालणं जमेल का, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

पावती सांभाळून ठेवा. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सांगितलं आहे. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

आमच्या ताईंनी शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "वरचे दात खालच्या ओठात रुततात, ते थांबलं तर बरं. पाहुण्यांचं नंतर पाहू." आता दोघी हे प्रश्न घेऊन नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाणार आहेत. तार आणि साचा दोन्हींचा खर्च लिहून आणतील. कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत त्या कागदासोबत येईल आणि तेव्हाच आम्ही ठरवू.