भाकर (ख्रिस्ती प्रतीक)

भाकर हे ख्रिस्ती धर्मातील एक मध्यवर्ती प्रतीक असून ते प्रामुख्याने येशू ख्रिस्ताच्या बलिदानाचे द्योतक मानले जाते. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनात येशूने भाकर हातात घेऊन देवाचे आभार मानले, ती मोडली, तिला आपले शरीर म्हटले आणि शिष्यांना वाटली, असे नवा करार सांगतो. या प्रसंगावर आधारलेला विधी कॅथलिक परंपरेत मिस्सा किंवा मिस्साबलिदान, ऑर्थोडॉक्स परंपरेत दिव्य लिटर्जी आणि प्रोटेस्टंट परंपरेत प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता या नावांनी ओळखला जातो.

प्राचीन जगातील बलिदानात सामान्यतः पशूचा वध केंद्रस्थानी असे. ख्रिस्ती विधीत मात्र रोजच्या जेवणातील एक पदार्थ बलिदानाची खूण ठरला. मोडल्याखेरीज वाटता न येणारी आणि स्वतः संपून दुसऱ्याला जगवणारी वस्तू म्हणून भाकरीकडे पाहिले गेले. हा विधी बलिदान आहे की बलिदानाचे स्मरण, या प्रश्नावर ख्रिस्ती पंथांत दीर्घकाळ तीव्र मतभेद राहिले आहेत.

नावे आणि अर्थ

हिब्रू भाषेत भाकरीला 'लेहेम' म्हणतात. हाच शब्द व्यापक अर्थाने अन्नासाठीही वापरला जातो. येशूचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या बेथलेहेम या गावाच्या नावाचा प्रचलित अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला असून त्यात 'आर्तोस' हा शब्द येतो. विधीसाठी रूढ झालेला 'युखरिस्त' हा शब्द 'आभारप्रदर्शन' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

पाश्चात्त्य चर्चमध्ये विधीसाठी वापरल्या जाणाऱ्या पातळ, गोल भाकरीला लॅटिनमध्ये 'होस्तिया' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'बळी दिला जाणारा पशू' असा आहे. भाकर आणि बलिदान यांची सांगड अशा प्रकारे नावातच घातली गेली आहे.

ज्यू परंपरेतील पार्श्वभूमी

भाकरीचा ख्रिस्ती अर्थ ज्यू धर्मपरंपरेतून विकसित झाला. जुन्या करारातील पुढील संदर्भ त्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जातात.

मलकीसदेकाची भाकर: उत्पत्तीच्या पुस्तकानुसार शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याने अब्राहामासाठी भाकर व द्राक्षारस आणला. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचे याजकपद मलकीसदेकाच्या परंपरेतील असल्याचे सांगितले आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी या भाकरीत युखरिस्ताची पूर्वछाया पाहिली.

बेखमीर भाकर: मिसर देशातील दास्यातून सुटताना इस्राएल लोकांनी कोकरू मारून त्याचे रक्त दारांच्या चौकटींना लावले आणि घाईने निघावे लागल्यामुळे पीठ न आंबवता भाकरी भाजल्या, अशी निर्गमाची कथा आहे. वल्हांडण सणात या घटनेचे स्मरण केले जाते. कोकराचा बळी आणि बेखमीर भाकर या सणात एकत्र येतात.

मान्ना: अरण्यातील प्रवासात देवाने लोकांना आकाशातून अन्न दिले, असे निर्गमात सांगितले आहे. ते प्रत्येकाने त्या दिवसापुरतेच गोळा करायचे होते. साठवून ठेवलेला मान्ना नासत असे. केवळ शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती.

समर्पित भाकरी: निवासमंडपात व पुढे यरुशलेमच्या मंदिरात देवासमोर बारा भाकरी मांडून ठेवण्याचा नियम होता. दर शब्बाथाला त्या बदलल्या जात आणि आधीच्या भाकरी याजक खात.

अन्नार्पण: लेवीयाच्या पुस्तकात पशुबळीबरोबरच धान्याच्या अर्पणाचेही नियम आहेत. सपिठावर तेल व धूप घालून त्यातील मूठभर भाग वेदीवर जाळला जाई आणि उरलेला याजकांना मिळे. ज्याला पापार्पणासाठी दोन पारवेही परवडत नसत, त्याने त्यांऐवजी थोडे सपीठ आणावे, अशी सवलत याच पुस्तकात आहे. पीठ हे गरिबाचे बलिदान म्हणून मान्य होते, ही बाब यातून स्पष्ट होते.

नवा करार

शेवटचे भोजन

या भोजनाचे वर्णन मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला लिहिलेले हे पत्र त्यांपैकी सर्वांत जुने लेखन आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार हे भोजन वल्हांडणाचे होते. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र वल्हांडणाची कोकरे मारली जाण्याच्या दिवशी येशूला क्रुसावर खिळल्याचे सूचित होते. दोन्ही मांडण्यांत तपशील वेगळे असले, तरी येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या बळीशी जोडला जातो.

या प्रसंगात बलिदानाचा अर्थ मृत्यूच्या आधीच सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी जे बळाने घडवले जाणार होते, ते येशूने भाकरीच्या रूपाने स्वेच्छेने दिले, असे स्पष्टीकरण अनेक भाष्यकारांनी केले आहे. आपल्या स्मरणार्थ हे करीत राहावे, ही आज्ञा लूक व पौल यांच्या वृत्तांतांत आहे.

जीवनाची भाकर

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या रात्री भाकर मोडण्याचा उल्लेख नाही. त्या ठिकाणी येशू शिष्यांचे पाय धुतो. भाकरीवरील त्याचे विवेचन सहाव्या अध्यायात येते. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे यांतून पाच हजारांच्या समुदायाला जेवू घातल्यावर कफर्णहूम येथे येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो आणि जगाच्या जीवनासाठी आपण जी भाकर देणार ती आपला देह आहे, असे सांगतो. हे बोलणे कठीण वाटून पुष्कळ शिष्य त्याला सोडून गेले, असेही तेथे नमूद आहे. जव हे गरिबांचे धान्य होते, हा या कथेतील लक्षणीय तपशील आहे.

याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात जमिनीत पडून मेल्यावरच पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त आहे. या दृष्टान्तामुळे भाकरीमागील धान्यालाही बलिदानाचा अर्थ प्राप्त झाला.

करिंथ येथील वाद

पौलाने शेवटच्या भोजनाचा वृत्तांत एका तक्रारीच्या संदर्भात लिहिला आहे. करिंथ येथील ख्रिस्ती लोक एकत्र जमत, तेव्हा काही जण आपले अन्न आधीच खाऊन घेत, काहींना मद्य चढे आणि काही उपाशी राहत. असे भोजन प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौलाने त्यांना सुनावले. सर्व जण एकाच भाकरीचे वाटेकरी असल्याने ते एक शरीर आहेत, असा विचार त्याने याच पत्रात मांडला आहे.

आरंभीचे ख्रिस्ती लेखन

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभी रचलेल्या 'डिडाखे' या ग्रीक ग्रंथात युखरिस्ताला बलिदान म्हटले आहे. डोंगरांवर विखुरलेले धान्य जसे एका भाकरीत एकत्र येते, तसा ख्रिस्ती समुदाय एकत्र यावा, अशी प्रार्थनाही त्यात आहे.

अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी मृत्युदंडासाठी रोमला नेण्यात येत होते. वाटेत लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला श्वापदांच्या दातांनी दळला जाऊन ख्रिस्ताची शुद्ध भाकर होऊ पाहणाऱ्या गव्हाची उपमा दिली. स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात आगीतील त्याचा देह भाजल्या जाणाऱ्या भाकरीसारखा दिसल्याचे म्हटले आहे. छळाच्या त्या काळात भाकर ही ख्रिस्ताप्रमाणेच त्याच्या अनुयायांच्या आत्मार्पणाचीही प्रतिमा बनली.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना हेच प्रतीक टप्प्याटप्प्याने समजावून सांगितले. धान्य दळले जाते, पाण्याने मळले जाते आणि अग्नीत भाजले जाते. त्याचप्रमाणे उपासक दीक्षापूर्व शिस्तीने, बाप्तिस्म्याच्या पाण्याने आणि पवित्र आत्म्याच्या अग्नीने एक भाकर होतात, असे त्याचे प्रतिपादन होते.

बलिदान की स्मरण

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानुसार ख्रिस्ताने स्वतःचे अर्पण एकदाच आणि सर्वकाळासाठी केले. मग वेदीवर पुन्हा पुन्हा अर्पण केल्या जाणाऱ्या भाकरीचा अर्थ काय, हा प्रश्न धर्मशास्त्रात मूलभूत ठरला.

कॅथलिक चर्च: १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने भाकरीचे ख्रिस्ताच्या शरीरात तत्त्वपरिवर्तन होते, असे जाहीर केले. या सिद्धान्तानुसार भाकरीचे दृश्य रूप व चव तशीच राहते, परंतु तिचे मूळ तत्त्व पालटते. ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये मिस्सा हे खरे बलिदान असल्याचे प्रतिपादन केले. क्रुसावरील आणि वेदीवरील बळी एकच असून केवळ अर्पणाची रीत वेगळी, म्हणजे रक्तविरहित आहे, अशी तिची भूमिका होती.

प्रोटेस्टंट पंथ: मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये मिस्सा हे माणसाने देवाला केलेले अर्पण असल्याची कल्पना नाकारली. त्याच्या मते ते देवाने माणसाला दिलेले अभिवचन व दान आहे. मात्र भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, यावर तो ठाम होता. हुल्ड्रिख झ्विंग्ली याने भाकरीला स्मरणाची खूण मानले. १५२९ मध्ये मारबुर्ग येथे झालेल्या चर्चेत या मुद्द्यावर दोघांचे एकमत होऊ शकले नाही. जॉन कॅल्विनने पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताशी आत्मिक सहभागिता घडते, असे मत मांडले.

ऑर्थोडॉक्स चर्च: भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, अशी या परंपरेची श्रद्धा आहे. तथापि हा बदल कसा घडतो याची तात्त्विक व्याख्या करण्यापेक्षा ते गूढ म्हणून स्वीकारण्याकडे तिचा कल आहे.

विसाव्या शतकात हे अंतर काही प्रमाणात कमी झाले. जागतिक चर्च परिषदेच्या एका आयोगाने १९८२ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे स्वीकारलेल्या दस्तऐवजात 'स्मरण' या बायबलमधील संकल्पनेवर भर देण्यात आला. स्मरण म्हणजे केवळ गतगोष्टीची आठवण नसून त्या घटनेचा प्रभाव वर्तमानात अनुभवणे होय, असा त्याचा आशय आहे.

विधीतील भाकर

पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत बेखमीर, तर बहुतेक पौर्वात्य चर्चमध्ये खमीर घातलेली भाकर वापरली जाते. आर्मेनियन चर्च मात्र पौर्वात्य असूनही बेखमीर भाकर वापरते. बेखमीर भाकर वल्हांडणाची आणि शुद्धतेची आठवण देते, तर खमीर हे जिवंतपणाचे व पुनरुत्थानाचे चिन्ह मानले जाते. अकराव्या शतकात रोम व कॉन्स्टँटिनोपल यांच्यातील दुराव्यात हा मुद्दा वादाचा ठरला होता. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने दोन्ही प्रकार ग्राह्य ठरवले.

बायझंटाइन परंपरेत पूजेच्या पूर्वतयारीत धर्मगुरू भाल्याच्या आकाराच्या लहान सुरीने भाकरीचा मधला चौकोनी भाग कापून घेतो. या भागाला 'कोकरू' म्हणतात. त्या वेळी वधासाठी नेल्या जाणाऱ्या कोकराविषयीची यशयाची वचने म्हटली जातात. रोमन मिस्सेत भाकर मोडली जात असताना 'देवाचे कोकरू' हे स्तवन गाण्याची प्रथा पोप पहिला सर्जियस (कार्यकाळ ६८७–७०१) याने सुरू केली.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार ही भाकर केवळ गव्हाची असावी लागते. ग्लुटेन न पचणाऱ्यांसाठी अल्प ग्लुटेन असलेली भाकर चालते, मात्र पूर्णतः ग्लुटेनविरहित भाकर ग्राह्य धरली जात नाही, असे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

सामाजिक आशय

वेदीवरील भाकर आणि भुकेल्याची भाकर यांचा संबंध पौलानंतरच्या लेखकांनीही जोडला. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप जॉन क्रिसोस्टम (मृत्यू ४०७) याने चर्चमध्ये ख्रिस्ताच्या शरीराला रेशमी वस्त्रांनी गौरवून बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या उघड्या माणसाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर कठोर टीका केली.

एल साल्वाडोरमधील आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी गरिबांवरील अत्याचारांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा चालू असताना गोळी झाडून त्यांची हत्या करण्यात आली. त्या दिवशीचे त्यांचे प्रवचन गव्हाच्या दाण्याच्या दृष्टान्तावर होते आणि त्यानंतर लगेच भाकर व द्राक्षारस यांच्या अर्पणाचा विधी व्हायचा होता. २०१८ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

भारतातील संदर्भ

केरळमधील संत थॉमस ख्रिस्ती कुटुंबांत पवित्र गुरुवारी घरोघरी 'पेसहा अप्पम' केला जातो. तांदूळ व उडीद यांपासून केलेला हा पदार्थ आंबवलेला नसतो. प्रार्थनेनंतर कुटुंबप्रमुख तो मोडून सर्वांना वाटतो. हा घरगुती विधी असून तो चर्चमधील युखरिस्तापासून वेगळा आहे.

१९६४ मध्ये मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली होती. तिच्यासाठी आलेले सहावे पॉल हे भारताला भेट देणारे पहिले पोप होत.

मराठी बायबलमध्ये या अन्नासाठी 'भाकर' हा शब्द रूढ आहे. महाराष्ट्रातील नेहमीची भाकरी ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदळाची असते, त्यामुळे धान्याच्या दृष्टीने ती विधीतील गव्हाच्या भाकरीहून वेगळी ठरते. पोर्तुगीज भाषेतून आलेला 'पाव' हा शब्द आंबवलेल्या पिठाच्या पदार्थासाठी वापरला जात असल्याने बेखमीर भाकरीचा अर्थ त्यातून व्यक्त होत नाही. शिवाय मराठीत 'भाकर' हा शब्द हिब्रू 'लेहेम'प्रमाणेच अन्नमात्राचा आणि उपजीविकेचा वाचक आहे. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी करणारा मराठी ख्रिस्ती उपासक, म्हणूनच, घरातील आणि वेदीवरील अन्नासाठी एकच शब्द वापरतो.