बागरोजा

बागरोजा : निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशाह याच्या थडग्यावरची काळ्या दगडाची घुमटाची वास्तू. अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहराच्या पश्चिमेस, सीना नदीच्या काठी. हीच सीना पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून वाहत हत्तरसंग कुडलजवळ भीमेला मिळते. दख्खनच्या शाही थडग्यांचा विषय निघाला की विजापूरचा गोल घुमट आठवतो. त्याच्याहून शंभरावर वर्षांनी जुना असलेला बागरोजा मात्र सोलापूर जिल्ह्यातही फारसा कोणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अहमदचे वडील मलिक हसन हे बहामनी दरबारातले वजीर; त्यांचे मूळ घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फिरिश्ता सांगतो. दरबारी कारस्थानात त्यांचा खून झाला. पुढे जुन्नरहून कारभार पाहणाऱ्या अहमदने बहामनी सत्ता झुगारली. २८ मे १४९० रोजी त्याने बहामनी फौजेचा पराभव केला, विजयाच्या जागी बाग लावली आणि १४९४ मध्ये तिच्या शेजारी नवे शहर वसवायला घेतले. १५१० च्या सुमारास तो वारला.

तटबंदीच्या आवारातली ही इमारत चौरस, एकघुमटी आहे. बाहेरून दिसतो तो घडीव काळा पाषाण. आत भिंतींवर कुराणातली वचने सोनेरी अक्षरांत कोरलेली. दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याहून ती अर्ध्या शतकाने जुनी आहे. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याचा देहही आधी येथेच ठेवला होता. त्याने शिया विद्वान शाह ताहिर याच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला होता; त्याच्या अस्थी पुढे इराकमधील करबला येथे नेण्यात आल्या.

आवाराबाहेरची एक लहान दगडी वास्तू याहून विलक्षण आहे. ती गुलाम अली नावाच्या हत्तीची कबर मानली जाते. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणारा तो हाच, अशी परंपरा आहे. बंदी रामरायाचा शिरच्छेद बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशाह याने करवला. त्या लढाईमागची दख्खनच्या सुलतानांची एकजूट सोयरिकीतून जमली होती : हुसेनची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी दोन्ही शाह्या भांडल्या, तो किल्ला असा लग्नात गेला. राजाशेजारी त्याच्या हत्तीलाही दगडी वास्तूचा मान मिळावा, हे आपल्याकडे क्वचितच आढळते.

१६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाहीची गादी करमाळ्याला लागून असलेल्या परांड्यास हलली. नगरला ओतलेली मुलूखमैदान तोफही परांड्याहूनच १६३२ मध्ये विजापूरला गेली. अस्थी, गादी, तोफ असे एकेक करून सारे नगरातून गेले. जागेवर राहिला तो बागरोजा. १६३६ मध्ये राज्य संपले.

या निजामशाहीची हैदराबादच्या निजामाशी गल्लत होते, विशेषतः करमाळ्याच्या संदर्भात. तेथील कमलादेवीचे मंदिर अठराव्या शतकात बांधणारे राव रंभा निंबाळकर हे हैदराबादच्या निजामाचे सरदार होते. ते आसफजाही घराणे वेगळे. अहमद निजामशाहाच्या वंशाशी त्याचा संबंध नाही.